कत्तलखान्यामागची वस्ती

अमेरिकेतील शिकागो शहराच्या दक्षिणेस १८६५ साली ‘युनियन स्टॉक यार्ड्स’ हा गुरांचा प्रचंड बाजार सुरू झाला. त्याच्या सभोवार कत्तलखाने व मांस डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागे मजुरांची वस्ती वसली. ‘बॅक ऑफ द यार्ड्स’ हे तिचे नाव. एका बाजूस शहराच्या कचऱ्याचे ढीग, दुसऱ्या बाजूस कत्तलखान्यांची घाण वाहून नेणारा नाला. सडक्या मळीतून सतत बुडबुडे उठत, म्हणून लोक त्याला ‘बबली क्रीक’ म्हणत. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने १९०६ साली येथील जिणे जगापुढे मांडले. त्यानंतर मांसाच्या शुद्धतेसाठी कायदा झाला. मजुराचे दैन्य मात्र तसेच राहिले.

वस्तीतील बहुसंख्य लोक कॅथलिक होते. तथापि धर्म एक असूनही मने एक नव्हती. पोलिश, लिथुएनियन, स्लोव्हाक, आयरिश, जर्मन, मेक्सिकन अशा प्रत्येक समाजाचे चर्च निराळे आणि वैरही वडिलोपार्जित. एकाच चौकातील दोन धर्मग्रामांचे फादर परस्परांशी बोलतही नसत. त्यात १९२९ नंतरच्या महामंदीने बेकारीची भर घातली.

अशा वेळी दोन तरुण एकत्र आले. जोसेफ मीगन हे तेथील डेव्हिस स्क्वेअर उद्यानाचे व्यवस्थापक, श्रद्धावान कॅथलिक. सॉल अलिन्स्की हे ज्यू कुटुंबातील, गुन्हेगारीचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ. मुले बिघडतात ती जन्मजात दुष्ट म्हणून नव्हे, तर वस्ती मोडकळीस आली म्हणून, हा अलिन्स्कींचा निष्कर्ष. त्यांनी नवी संस्था आणण्याऐवजी असलेल्याच संस्थांना, म्हणजे धर्मग्राम, मंडळे, क्रीडासंघ, दुकानदार व कामगार संघटना यांना, एका छत्राखाली बोलावले. १४ जुलै १९३९ रोजी वस्ती-परिषदेची पहिली सभा भरली. आपले भवितव्य आपणच घडवू, हे तिचे ब्रीद ठरले.

साहाय्यक बिशप बर्नार्ड शील यांचा पाठिंबा निर्णायक ठरला. कामगार संघटनेत कम्युनिस्ट असल्यामुळे अनेकांचा विरोध होता. तरीही सभेनंतर दोनच दिवसांनी, १६ जुलै रोजी, कामगार नेते जॉन लुईस यांच्यासमवेत बिशप एकाच व्यासपीठावर बसले. भुकेल्या मजुराच्या न्याय्य मागणीस ख्रिस्तसभेची साथ आहे, हे त्या दृश्याने भाषणावाचून सांगितले.

पुढील काम साधेच होते. शाळेतील मुलांना गरम जेवण, तान्ह्या बाळांसाठी आरोग्यकेंद्र, तरुणांसाठी खेळ, पतपेढी. बालकाच्या दुधापुढे पोलिश-लिथुएनियन भेद टिकेना. एकत्र कामातून ओळख वाढली आणि ओळखीतून विश्वास. १९५० च्या दशकात परिषदेने बँकांना कर्जे देण्यास राजी केले, जुनी घरे दुरुस्त झाली आणि वस्ती सोडून जाण्याची ओढ कमी झाली.

परंतु इतिहास येथेच थांबवला तर तो अर्धाच राहील. ज्या एकीने वस्ती तारली, त्याच एकीने पुढे कुंपणाचे रूप घेतले. कृष्णवर्णीय कुटुंबांनी येथे घर घेऊ नये, अशी वृत्ती बळावली आणि परिषदेने तिला आवर घातला नाही. आपण उभारलेली वस्ती वर्णभेदाचा बालेकिल्ला बनली, अशी खंत स्वतः अलिन्स्कींनी १९७२ साली मृत्यूपूर्वी व्यक्त केली. त्याआधीच, १९७१ साली, गुरांचा बाजारही बंद पडला होता.

पुढे त्याच रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर मेक्सिकन कुटुंबे राहू लागली. परिषद आजही कार्यरत आहे. एके काळी परस्परांना परके असलेले शेजारी एकत्र आले, हे १९३९ चे यश खरेच. मात्र शेजारी ही व्याख्या एकदा करून संपत नाही. दयाळू शोमरोनीच्या दाखल्याआधी ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न विचारला गेला होता. प्रत्येक पिढीच्या वस्तीने त्याचे उत्तर नव्याने द्यायचे असते.