घाटात थांबायचं राहून गेलं

परवा पुण्याहून खोपोलीला जायचं होतं. एकटाच होतो, घाई नव्हती, म्हणून ठरवलं की आज एक्सप्रेसवे नको, जुन्या हायवेनेच जाऊ. २००२ साली एक्सप्रेसवे पूर्ण सुरू झाला आणि तेव्हापासून या रस्त्याला आपण 'जुना' म्हणायला लागलो. खरं तर जुना म्हणावा इतकाही तो जुना नाही. त्याच्याखाली अजून किती जुने रस्ते गाडले गेलेत, ते एकदा थांबत थांबत बघावं असं फार दिवस मनात होतं.

पहिला थांबा वडगाव. इथे महादजी शिंद्यांचा पुतळा आहे. १७७८ च्या शेवटी इंग्रजांची फौज रघुनाथरावाला पेशवाईच्या गादीवर बसवायला मुंबईहून निघाली. बरोबर तोफा आणि सामान वाहणारे हजारो बैल. खंडाळ्याहून तळेगावला पोचायला या लोकांना जवळपास दोन आठवडे लागले! आपण तेवढ्या वाटेवर टोलनाक्याला पाच मिनिटं जास्त लागली तर हॉर्न वाजवतो. असो. तळेगावला पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं, दाणागोटा काही नाही. माघारी फिरले आणि वडगावला मराठ्यांच्या वेढ्यात सापडले. जानेवारी १७७९ मध्ये त्यांना तह करावा लागला.

शाळेत आपण 'वडगावचा तह' एवढीच एक ओळ पाठ केलेली असते. मला जास्त आवडते ती कॅप्टन स्टुअर्टची गोष्ट. हा याच मोहिमेत कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्याने मेला. पण शूर गडी होता, म्हणून मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' असं नाव दिलं. त्याची समाधी वडगावात आहे. चाल करून आलेल्या माणसाला 'फाकडा' म्हणणं आणि अडीचशे वर्षं त्याची आठवण ठेवणं, हे आज आपल्याला जमेल का, कुणास ठाऊक.

पुढे मळवलीपाशी डावीकडे लोहगड, विसापूर आणि त्यांच्या पायथ्याला भाजे, उजवीकडे कार्ले. पावसाळ्यातल्या रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आठवड्यात मधल्या वारी जा. मी कार्ल्याला चढलो. साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघ्यांनी तक्रार केली. वर एकवीरेचं देऊळ आणि त्याला अगदी खेटून चैत्यगृह. पायऱ्यांवर माझ्या पुढे एक कोळी कुटुंब होतं, आजीला दोघांनी धरून चढवत होते. ते देवीकडे वळले, मी लेण्यात गेलो.

आत गेल्यावर नजर आपोआप वर जाते. छताला लाकडाच्या कमानी आहेत, मूळच्या, म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या. दगडात कोरलेल्या लेण्याला लाकडाचा काही आधार लागत नाही. पण आधी लाकडी चैत्य बांधायची सवय होती, ती सवय दगडातही सुटली नाही. दर्शनी भागातल्या लेखात वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी सांगतो की जंबुद्वीपात याच्यासारखं शैलगृह नाही. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवनसुद्धा आहेत. बनवासीचा सावकार आणि यवन या डोंगरात पैसे कशाला देतील? कारण खालून वाट जात होती. बंदरावरचा माल बोरघाट चढून देशावर यायचा, देशावरचा खाली उतरायचा. भाजे, बेडसे, कार्ले, घाटाखालचं कोंडाणे, ही लेणी एकांतासाठी डोंगरात होती हे खरं, पण ती वाटेच्या हाकेवर होती. राजमाची, लोहगड हे किल्लेही त्याच वाटेवर नजर ठेवून बसलेत. वाट नसती तर यातलं काहीच नसतं.

लोणावळ्यात नेहमीप्रमाणे चिक्की घेतली. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही :)

खंडाळ्याच्या पुढे मात्र मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ उभा राहिलो. अमृतांजन पूल इथे होता. बामाची जाहिरात त्याच्याजवळ लावलेली असायची, त्यावरून लोकांनी ठेवलेलं हे नाव. पूल १८३० चा, गव्हर्नर माल्कमच्या काळात घाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता झाला तेव्हाचा. पुढे एक्सप्रेसवे त्याच्या कमानींखालून गेला. जागा अरुंद, वळण वाईट, अपघात व्हायचे, माणसं जायची. शेवटी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना, सुरुंग लावून पाडला. कारण मला पटतं. तरीही त्या दिवशी टीव्हीवर ती धूळ बघताना घशाशी आलं. त्या पुलाखालून मी शेकडो वेळा गेलो असेन. बाबा दर वेळी म्हणायचे, "एकदा वर जाऊन बघू रे, दरी काय दिसत असेल." दर वेळी मी म्हणायचो, "पुढच्या वेळी, बाबा." बाबा २०१७ ला गेले, पूल २०२० ला.

इथूनच रेल्वेचे बोगदे दिसतात. १८५८ ला पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी आली, खालून खोपोलीपर्यंत आलेली होतीच, मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पालखीने नाहीतर तट्टावरून उतरावा लागे. या कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली आल्या आल्याच वारला, तर त्याच्या बायकोने, अॅलिसने, कंत्राट अंगावर घेऊन पूर्ण केलं. १८६१ च्या सुमाराला इथे बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. त्यांची नावं कुठल्या दगडावर नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी एक खांब दिला तर नाव कोरलं जायचं, हे लक्षात घ्या.

एक नाव मात्र लोकांनी ठेवलंय. घाट उतरताना शिंगरोबाचं छोटं देऊळ लागतं. इंग्रजांना वाट सापडेना, तेव्हा ती एका धनगराने दाखवली आणि काम झाल्यावर त्यांनी त्यालाच गोळी घातली, अशी दंतकथा आहे. लहानपणी एसटीच्या लाल डब्यातून जाताना इथे गाडी हळू व्हायची आणि खिडक्या-खिडक्यांतून नाणी बाहेर पडायची. बाबा माझ्या हातात चाराणे द्यायचे, मी नेम धरून टाकायचो, तो नेहमी चुकायचा.

एक्सप्रेसवेवरून हे देऊळ लागत नाही. परवा मी उतरलो. पुढे एक ट्रकवाला थांबला होता. क्लीनरने नारळ फोडला, अर्धी कवड मला दिली. मी खिशात चाचपलं तर सुट्टं काही नव्हतं, सगळा व्यवहार आता मोबाइलवर. ट्रकवाल्याकडूनच दोन रुपयांचं नाणं मागून घेतलं आणि या वेळी हाताने समोर ठेवलं.