इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि छोट्या मोटारीचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची ओळख उसाशी आणि साखरेशी जोडलेली आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांचा पुढाकार आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांतून उभ्या राहिलेल्या प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या तालुक्यांतही कारखान्यांची धुराडी दिसू लागली. साखरेबरोबर मळी आली, मळीपासून मद्यार्क आला आणि त्याच मद्यार्कातील पाणी काढून केलेले निर्जल इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. कारखान्याला ऊस घालणारे घर आणि छोट्या मोटारीत पेट्रोल भरणारे घर हे या जिल्ह्यात पुष्कळदा एकच असते. त्यामुळे इथेनॉलचा जमाखर्च येथे दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची कल्पना नवी नाही. ‘पॉवर अल्कोहोल’संबंधीचा केंद्रीय कायदा १९४८ मध्येच झाला होता. सध्याच्या कार्यक्रमाची चाचणी मात्र २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला येथे घेण्यात आली. यांपैकी मनमाड हे नगर जिल्ह्याच्या उत्तरेला. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, पण मळीचा तुटवडा आणि दराचे वाद यांमुळे गाडे रखडले. २०१३-१४ मध्ये देशातील मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. सरकारने खरेदीचे दर ठरवून देण्यास सुरुवात केल्यावर चित्र पालटले. जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची (ई-२०) विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. २० टक्क्यांचे उद्दिष्ट मुळात २०३० साठी होते. ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले. जुन्या मोटारींच्या तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी या घाईत आहे.

आधी उत्पादकाची बाजू पाहू. तयार साखर गोदामात महिनोन् महिने पडून राहते आणि तेवढे भांडवल अडकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून तुलनेने लवकर मिळतात. उसाचे पैसे चौदा दिवसांत देण्याचे कायदेशीर बंधन असलेल्या कारखान्याला याचा मोठा आधार होतो. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात सी-हेवी मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये, बी-हेवीच्या इथेनॉलला ६०.७३ रुपये, तर थेट रसापासून केलेल्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता. साखर काढून उरलेल्या मळीतून टनभर उसामागे दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळते. सगळा रस वळवला तर सुमारे ७० लिटर.

तथापि हा आधार सरकारी धोरणावर हेलकावे खातो. साखरेचे उत्पादन घटण्याच्या भीतीने केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली, आठवडाभरात ती अंशतः शिथिल केली आणि पुढील हंगामासाठी ती पूर्णपणे उठवली. दरम्यान मका पुढे निघून गेला. त्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१.८६ रुपये दर मिळाला आणि ‘उसाचे इंधन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या द्रवाचा मोठा हिस्सा आता धान्यापासून येतो. नीती आयोगाच्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. भंडारदरा आणि मुळा धरणांच्या पाण्यावरून जायकवाडीशी वर्षानुवर्षे वाद चाललेल्या जिल्ह्यात हा आकडा विसरून चालणार नाही.

आता मोटारीकडे वळू. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणजे ई-२० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण साडेसहा टक्के ऊर्जा कमी. दुसरीकडे इथेनॉलचे ऑक्टेनमूल्य जास्त असते. त्याचा लाभ उठवण्यासाठी इंजिनाचे संपीडन गुणोत्तर वाढवावे लागते, ठिणगीची वेळ बदलावी लागते. नव्या मोटारींत हे साधते. पंधरा वर्षांपूर्वीच्या आठशे सीसीच्या मोटारीत ते आपोआप होत नाही. जून २०२१ च्या नीती आयोगाच्या अहवालात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी, तर ई-१० साठी बनवलेल्या व ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये इतर गाड्यांसाठी ३ ते ६ टक्के घट मान्य केली.

टक्केवारीपेक्षा रुपये लवकर कळतात. एखादी जुनी छोटी मोटार शुद्ध पेट्रोलवर लिटरला १८ किलोमीटर देत होती आणि वर्षाला १२ हजार किलोमीटर धावते, असे धरू. तिला ६६७ लिटर पेट्रोल लागत असे. तीन टक्के घट झाली तर सुमारे २० लिटर अधिक, सहा टक्के झाली तर ४२ लिटर अधिक. सोयीसाठी लिटरला १०० रुपये दर धरला तर वर्षाचा जादा खर्च दोन ते सव्वाचार हजार रुपये होतो. रक्कम दिवाळे काढणारी नाही. पण जुनी मोटार ठेवणारा माणूस बहुधा काटकसरीसाठीच ती ठेवतो आणि भुर्दंड नेमका त्याच्यावर पडतो. नव्या मोटारीच्या मालकाला तो जाणवतही नाही.

या भुर्दंडाची भरपाई पंपावरील दरात दिसत नाही. वास्तविक २०२१ च्या त्याच अहवालाने दोन गोष्टी सुचवल्या होत्या. ऊर्जा कमी असल्याने मिश्रित इंधनाची किंमत कमी असावी आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० उपलब्ध राहावे. दोन्ही बाजूला पडल्या. मंत्रालयाचे म्हणणे असे, की २०२१ नंतर इथेनॉल महागले. जुलै २०२५ अखेर त्याची वाहतूक व करासह सरासरी खरेदी किंमत लिटरला ७१.३२ रुपये होती आणि ती शुद्धीकरण कारखान्यातून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा अधिक होती. हे उत्तर खरे धरले तरी त्यातून वेगळाच अर्थ निघतो. एका लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळवण्यास सुमारे १०७ रुपयांचे इथेनॉल लागते. शेतकऱ्याला आधार आणि परकीय चलनाची बचत यांसाठी ही किंमत मोजावी, असे देशाने ठरवले असेल तर त्यालाही हरकत नाही. मात्र मोजणारा कोण, हे पंपाच्या पावतीवर कोठेच लिहिलेले नसते. ई-२० विरोधातील जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. त्यामुळे निवडीचा प्रश्न तूर्त मिटल्यात जमा आहे.

मोटार खराब होते का, हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. साधारण २००८ नंतरच्या गाड्यांचे सुटे भाग ई-१० ला टिकणारे आहेत, एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे ई-२० ला. त्यापूर्वीच्या गाड्यांत रबरी नळ्या, गॅस्केट, पडदे आणि सील यांवर इथेनॉलचा परिणाम होऊ शकतो. ते फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. असे काही भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, हे सरकारनेही म्हटले आहे. जुन्या टाकीच्या तळाशी बसलेला मळ इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून सुरुवातीच्या काळात फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलणे शहाणपणाचे. इंधनाच्या नळीला बाहेरून ओल किंवा पेट्रोलचा वास आला तर तो अंगावर काढू नये. येथे प्रश्न ॲव्हरेजचा नसून आगीचा असतो.

कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० सारख्या गाड्या अजूनही तालुक्याच्या गावी दिसतात. इंधन-इंजेक्शनच्या मोटारीत ऑक्सिजन संवेदक मिश्रण सुधारून घेतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, मिश्रण पातळ राहते आणि थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुरते, चढावर ओढ कमी पडते. जाणकार मेकॅनिक जेट बदलून हे बऱ्याच अंशी सुधारू शकतो.

पाण्याची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते हे खरे, पण रोज धावणाऱ्या गाडीला त्याचा त्रास होत नाही. धोका असतो तो पंपाच्या भूमिगत टाकीत पावसाचे पाणी शिरल्यास. इथेनॉल पाण्यासह खाली बसते आणि गाडी जागीच बंद पडते. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांची गावाकडे तीन-तीन महिने झाकून ठेवलेली मोटार हीही जोखमीचीच. अशी गाडी टाकी भरून ठेवावी आणि अधूनमधून चालवावी.

ॲव्हरेज घटल्याचा निष्कर्ष काढण्यापूर्वी ते नीट मोजावे. नोजल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरावे. एका वेळेच्या मापावर विसंबू नये, निदान तीन वेळांची सरासरी काढावी. टायरमधील हवा, वातानुकूलन आणि रस्ता यांचा परिणाम इथेनॉलहून मोठा असू शकतो. गाळप हंगामात नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत काढलेला आठवडा मोजमापासाठी निवडू नये, एवढे पथ्य पाळले तरी आकडा पुष्कळ खरा येतो.