बागवानाची फजिती

आजची गोष्ट अवघ्या पाऊण मिनिटाची आहे. सांगायलाच तिला जास्त वेळ लागेल.

एक बागवान रबरी नळीने झाडांना पाणी घालतो आहे. मागून एक पोरगे येते आणि नळीवर पाय देऊन उभे राहते. पाणी बंद! बागवान नळीच्या तोंडात डोकावतो, तोच पोरगे पाय उचलते आणि फवारा थेट तोंडावर! मग पाठलाग आणि चार तडाखे. संपला खेळ.

फ्रान्समधील ल्यों येथे लुई ल्युमिएर यांनी १८९५ साली हा चित्रपट काढला. त्याला रंग नाही, आवाज नाही. बागवान झाला तो त्यांच्या घरचाच माळी. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून दाखवलेल्या दहा चित्रपटांत हाही होता. पहिल्या विनोदी चित्रपटाचा मान सहसा यालाच देतात.

पुढे सहाच महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, ल्युमिएर यांचे यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आले. तिकीट एक रुपया. रुपयाचे मोल तेव्हा काय होते, ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे! पण पडदा फार दिवस शहरात अडकून राहिला नाही. अब्दुलअली युसुफअली नावाचे गृहस्थ १९०८ पासून १९१४ पर्यंत देशभर तंबू घेऊन हिंडले. तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद. आत हजार माणसे मावत. दाखवायचे ते असलेच छोटे छोटे चित्रपट.

यात फार्साची सोय मोठी होती. आपल्या परभणीकडे तेव्हा निजामाची राजवट. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी, आणि लिहिता-वाचता येणारे थोडे. पण नळीवरचा पाय समजायला कोणती भाषा लागते? तमाशातला सोंगाड्या आणि दारी येणारा बहुरूपी ज्याने पाहिला, त्याला ही फजिती परकी वाटण्याचे कारण नाही.

दादासाहेब फाळके यांनी ही नस ओळखली होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा सोबत नाच आणि विनोदी नकलाही होत्या. ‘मोहिनी भस्मासुर’बरोबर तर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हा स्वतःचाच छोटा विनोदी चित्रपट जोडला.

आता दुखणे ऐका. फ्रान्सचा तो बागवान आजही पाहता येतो. आपल्याकडे मात्र तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यांतले मोजकेच उरले. ती फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. उष्ण-दमट हवेत ती कुजे. कित्येक फिती तर आतल्या चांदीसाठी भंगारात गेल्या. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ साली. तोवर व्हायचे ते नुकसान बरेचसे होऊन गेले होते.

गेलेल्या फिती परत येणार नाहीत. पण जत्रेतल्या तंबूत बसून हसलेली माणसे अजून गावोगाव आहेत. शिक्षकांनी मुलांना आधी हा बागवान दाखवावा. मोबाईलवर तो सहज सापडतो. मग वही देऊन आजा-आजीकडे धाडावे. तंबू कुठे लागे, तिकीट किती पडे, कशाला हसू येई, हे सारे लिहून आणायला सांगावे. जतन न झाल्याने काय हरवते, ते आपण एकदा पाहिले आहे. या आठवणींना तरी वही मिळावी.