‘प्रोग्रेस’ : एका शब्दाची वाटचाल

ठाणाकुशनूरच्या आमच्या परिसरात मराठी शाळेतील मुलाच्या हाती ‘प्रगतिपुस्तक’ पडते, कन्नड शाळेतील मुलाच्या हाती ‘प्रगतिपत्र’; आणि निजामी अमदानी पाहिलेले वृद्ध ‘तरक्की’ची चौकशी करीत असत. हे सारे शब्द आपण इंग्रजी ‘प्रोग्रेस’चे पर्याय समजतो. त्यांचा आशय मात्र एक नाही.

लॅटिनमध्ये ‘प्रो’ म्हणजे पुढे व ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे. राजाच्या लवाजम्यासह निघालेल्या दौऱ्यासही इंग्रजीत ‘प्रोग्रेस’ म्हणत. पुढे जाणे म्हणजे चांगलेच होणे, असा अर्थ त्यात मुळात नव्हता. इंग्रजीत रोगाचाही ‘प्रोग्रेस’ होतो. मानवजात उत्तरोत्तर उन्नत होत जाते, ही श्रद्धा त्या शब्दाला मुख्यतः अठराव्या शतकातील युरोपीय विचाराने चिकटविली.

बन्यनच्या 1678 मधील सुप्रसिद्ध रूपककथेचे भाषांतर हरि केशवजी यांनी 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने केले. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. मूळ धात्वर्थाशी इतका इमानी प्रतिशब्द पुढे क्वचितच योजला गेला. 1888 मध्ये आगरकरांनी आपल्या पत्रास ‘सुधारक’ हे नाव दिले. सुधारणेत केवळ पुढे जाणे नाही; बिघडले आहे ते आधी नीट करणे आहे. 1936 मध्ये लखनौस भरलेल्या लेखकांच्या परिषदेनंतर ‘प्रोग्रेसिव्ह’ला उर्दूत ‘तरक्कीपसंद’, हिंदीत ‘प्रगतिशील’ आणि मराठीत ‘पुरोगामी’ हे शब्द रूढ झाले. पुरोगामी इतरांच्या पुढे चालतो; ‘तरक्की’चे अरबी मूळ मात्र वर चढण्याचे आहे.

चढण्याचा हा अर्थ आमच्या भागाने अनुभवला आहे. हैदराबाद संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती आणि नोकरीतील बढतीलाच ‘तरक्की’ म्हणत. ती हवी तर घरची मराठी वा कन्नड उंबऱ्याआड ठेवावी लागे. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये बीदर जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. कारभाराची भाषा बदलली, शिडी बदलली; वर चढण्यासाठी घरची भाषा खाली ठेवावी लागते, ही समजूत मात्र बदलली नाही. आज तोच मान इंग्रजीकडे गेला आहे.

मुलाने इंग्रजी व कन्नड अवश्य शिकावे; त्यात हानी नाही. परंतु एक पाऊल पुढे टाकताना दुसरे भूमीवर टेकलेले असावे लागते. दोन्ही पाय एकदम उचलणाऱ्यास चालणारा म्हणत नाहीत. प्रगतिपुस्तकावर सही करताना मला म्हणूनच हरि केशवजींचा तो विस्मृत शब्द आठवतो. गुणांचे आकडे मूल किती वर चढले ते सांगतात. ते कोठे उभे राहून चालते आहे, हे शिक्षकालाच पाहावे लागते.