प्रसूतिकालीन मानसिक आधार

गर्भधारणेपासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंतच्या काळात मातेच्या मानसिक आरोग्यासाठी कुटुंब, आरोग्यसेवक व तज्ज्ञ यांच्याकडून मिळणाऱ्या साहाय्यास प्रसूतिकालीन मानसिक आधार असे म्हणतात. धीर देणे, विश्रांतीची सोय करणे, वेळीच तपासणी, समुपदेशन आणि गरजेनुसार औषधोपचार यांचा त्यात समावेश होतो. या काळातील बहुतेक मानसिक विकार उपचारांनी बरे होतात. मात्र ते ओळखले न गेल्यास माता व बाळ या दोघांच्याही जीवास धोका पोहोचू शकतो.

विकारांचे स्वरूप

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अनेक स्त्रियांना विनाकारण रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. ही अवस्था साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. आपुलकी, झोप आणि विश्रांती एवढाच आधार त्यासाठी पुरेसा असतो.

उदासी त्याहून अधिक काळ टिकल्यास प्रसूतिपश्चात नैराश्याचा विचार करावा लागतो. कशातही रस न वाटणे, बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे, भूक मंदावणे, आपण चांगली आई नाही ही अपराधी भावना आणि मरणाचे विचार ही त्याची लक्षणे होत. नैराश्य गर्भारपणातही सुरू होऊ शकते. अनेकदा त्यासोबत तीव्र चिंता असते.

प्रसूतिपश्चात मनोविक्षिप्तता हा विरळा पण गंभीर विकार दर हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांत आढळतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक सुरू होतो. भास, भ्रम, असंबद्ध बोलणे अशी लक्षणे दिसताच रुग्णालयात नेणे आवश्यक असते. मातेला व बाळाला एकटे ठेवू नये. ‘बाहेरची बाधा’ समजून उपाय करण्यात गेलेला वेळ येथे घातक ठरू शकतो.

प्रमाण व कारणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात सुमारे १० टक्के गर्भवतींना व १३ टक्के नवमातांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जाणवतो. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ व १९.८ टक्के आहे. भारतातील अभ्यासांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात प्रसूतिपश्चात नैराश्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले.

गोव्यात विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य दिसून आले. आर्थिक ओढग्रस्त, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलीचा जन्म यांचा त्याच्याशी संबंध आढळला. यावरून हा विकार केवळ संप्रेरकांतील बदलांमुळे होत नाही, घरातील परिस्थितीही त्यास कारणीभूत ठरते, हे स्पष्ट होते.

पारंपरिक आधार व त्याच्या मर्यादा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा, डोहाळजेवण, सव्वा महिन्याची विश्रांती, तेल-मालिश व शेक-शेगडी यांतून महाराष्ट्रात बाळंतिणीला पूर्वापार आधार मिळत आला आहे. हा आधार सर्वांना सारखा मिळत नाही. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी हंगामभर स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला अशी विश्रांती क्वचितच येते. शिवाय सव्वा महिना संपला की माहेरचे कोडकौतुक संपते, बाळंतीण सासरी परतते आणि कामाला लागते. नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते.

तपासणी व उपचार

१९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य श्रेणी ही प्रश्नावली तपासणीसाठी सर्वत्र वापरली जाते. तीत मागील सात दिवसांविषयी १० प्रश्न असून एकूण गुण ० ते ३० असतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. ही प्रश्नावली निदान करीत नाही. कोणाची अधिक तपासणी करावी, एवढेच ती सुचवते.

सौम्य व मध्यम नैराश्यात समुपदेशन उपयुक्त ठरते. पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावपातळीवरील प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दिलेल्या मानसोपचाराचा मातांना लाभ झाल्याचे २००८ मध्ये दिसून आले. पुढे गोव्यात ‘संगत’ या संस्थेने हीच पद्धत सर्वसामान्य स्त्रियांमार्फत राबवून पाहिली. तीव्र नैराश्यात औषधांची गरज भासते. स्तनपान सुरू असतानाही काही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. ती परस्पर बंद करू नयेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत माता व बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा स्वतंत्र कक्ष आहे.

छत्रपती संभाजीनगर येथील सेवा

‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय १९५६ साली स्थापन झाले. मराठवाड्याच्या अनेक भागांतून स्त्रिया येथे प्रसूतीसाठी येतात. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग येथे असल्याने प्रसूती विभागातून मातेला थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता येते.

गावपातळीवर आशा स्वयंसेविका हा पहिला दुवा आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यास ती ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी भेट देते. २०१८ पासूनच्या कार्यक्रमानुसार तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी भेटी ठरवल्या आहेत. या भेटींचा भर बाळाचे वजन, आहार व लसीकरण यांवर असतो. त्याच भेटीत मातेची झोप व मनःस्थिती यांची विचारपूस केल्यास नैराश्य लवकर लक्षात येऊ शकते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. ते मराठीतही उपलब्ध आहे.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील बालकास सर्वसाधारणपणे वेगळे करता येत नाही. बालकास धोका असल्यास मात्र तात्पुरते वेगळे ठेवता येते. त्याच वर्षी प्रसूतिलाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे करण्यात आली. शेतमजूर, ऊसतोड कामगार व घरकामगार स्त्रियांपर्यंत हा लाभ सहसा पोहोचत नाही.