महाराष्ट्रातील कुष्ठरोग संशोधन

महाराष्ट्रातील कुष्ठरोग संशोधन म्हणजे कुष्ठरोगाचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांसंबंधी राज्यातील रुग्णालये, प्रयोगशाळा व सेवाभावी संस्थांनी केलेले वैद्यकीय कार्य होय. हा रोग मायकोबॅक्टेरियम लेप्री या जिवाणूमुळे होतो. नॉर्वेतील वैद्य गेरहार्ड हॅन्सन यांनी इ.स. १८७३ मध्ये तो जिवाणू शोधला. रोग त्वचेवर दिसत असला तरी त्याचा खरा आघात नसांवर होतो. त्यामुळे नसा निकामी होण्यापूर्वी निदान करणे हा या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे.

निदानातील अडचणी

पुढील तीनपैकी एक लक्षण आढळल्यास कुष्ठरोगाचे निदान केले जाते: फिकट किंवा लालसर बधिर चट्टा, जाड झालेली नस व तिच्या क्षेत्रातील संवेदना किंवा शक्ती कमी होणे, त्वचेच्या नमुन्यात जिवाणू आढळणे. शिबं, कोड व गजकर्ण यांच्याशी चट्ट्यांची गफलत होते. मात्र या विकारांत स्पर्शज्ञान शाबूत असते. याउलट जिवाणूंची संख्या अधिक असलेल्या प्रकारात ठळक बधिर चट्टा नसतो. त्वचा तुळतुळीत व जाड होते, कानाच्या पाळ्या सुजतात किंवा गाठी येतात. चट्टा दुखत वा खाजत नसल्याने रुग्ण उशिरा येतो. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात.

संस्था व संशोधक

मुंबईतील अ‍ॅकवर्थ रुग्णालयाची स्थापना १८९० मध्ये झाली. प्रारंभी तेथे निराधार रुग्णांना आश्रय दिला जाई. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी रोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील त्वचा व नसांच्या ऊतींचा अभ्यास केला. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनी १९५८ मध्ये रुग्णाच्या ऊतींमधून वेगळा केलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवल्याचे प्रसिद्ध केले. हा 'आयसीआरसी' जिवाणू पुढे लशीसाठी वापरण्यात आला. तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथील तुलनात्मक चाचणीत त्या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. तथापि राष्ट्रीय कार्यक्रमात तिचा समावेश झाला नाही. प्रत्यक्ष कुष्ठजिवाणू कृत्रिम माध्यमात आजही वाढवता येत नाही.

वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वर्देकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही पद्धत विकसित केली. रुग्णाला समाजापासून वेगळे न काढता त्याच्या गावातच शोधून उपचार देणे हे तिचे सूत्र होते. प्लास्टिक सर्जन नोशीर अंतिया यांनी विकृत हात व चेहऱ्यांवरील पुनर्रचना शस्त्रक्रियांबरोबर नसांच्या हानीचाही अभ्यास केला. १९७६ मध्ये डॉ. गणपती यांनी सुरू केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम केले.

उपचार

१९४०च्या दशकापासून डॅप्सोन हे प्रमुख औषध होते. १९६४ मध्ये मलेशियात त्याला दाद न देणारे जिवाणू सिद्ध झाले आणि एकाच औषधावर विसंबणे धोक्याचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन यांच्या बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. भारतात हा उपचार प्रथम सुरू झालेल्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश होता.

औषधांनी जिवाणू मरतात, परंतु गेलेली संवेदना बहुधा परतत नाही. उपचारांच्या काळात किंवा नंतरही शरीराच्या प्रतिकारशक्तीमुळे 'रिअ‍ॅक्शन' येऊ शकते. त्यात चट्टे लाल होतात, नसा दुखतात व हातापायांची शक्ती अचानक जाऊ शकते. अशा वेळी प्रेडनिसोलोन तातडीने द्यावे लागते.

सद्यस्थिती

डिसेंबर २००५ मध्ये भारतात राष्ट्रीय पातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी झाले. ही सरासरी असल्याने स्थानिक प्रादुर्भाव तीत झाकला जातो. नंदुरबार, पालघर, गडचिरोली व चंद्रपूर या आदिवासीबहुल भाग असलेल्या जिल्ह्यांत नवे रुग्ण आढळत राहिले आहेत. नवापूर तालुक्यातील खांडबाऱ्यासारख्या ग्रामीण परिसरात त्वचारोगतज्ज्ञापेक्षा आशा कार्यकर्तीची घरभेट हीच निदानाची पहिली पायरी ठरते. रुग्णाच्या सहवासातील निरोगी व्यक्तींना रिफाम्पिसिनची एक मात्रा देण्याची पद्धतही अवलंबली जाते. बांगलादेशातील चाचणीत तिने पहिल्या दोन वर्षांत नव्या रुग्णांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटवले होते.