शहाद्याचा रानपिंगळा



पिंगळा आपल्या मराठवाड्यात कोणाला ठाऊक नाही? जुन्या चिंचेच्या ढोलीत राहणारा, तिन्हीसांजेला चिरचिर करणारा. आमच्या नायगावच्या शिवारातही तो आहे. पण त्याचाच एक चुलतभाऊ, रानपिंगळा, शंभरावर वर्षे कोणाला सापडत नव्हता. अखेर सापडला तो आपल्याच महाराष्ट्रात, नोव्हेंबरातल्या एका सकाळी. ती हकिगत एखाद्या तपासकथेसारखी आहे.

त्याचा पहिला नमुना १८७२ साली ब्लेविट यांनी हल्लीच्या छत्तीसगडच्या पूर्वेकडे मिळवला. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ॲलन ह्यूम) त्याचे वर्णन छापले आणि पक्ष्याला ब्लेविटचे नाव दिले. नंतर खानदेशात सरकारी नोकरीत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी काही पक्षी टिपले. शेवटचा १८८४ चा. मग सगळे सामसूम.

अपवाद एकच. कर्नल माइनर्टझागेन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला एक रानपिंगळा मिळाल्याचे लेबल लावून ठेवले होते. डॉ. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्यांनीही हा पक्षी शोधला, पण व्यर्थ. या लेबलाने शोधाची दिशाच चुकवली होती.

पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंना मात्र त्या लेबलाचा संशय आला. मी वर्गात इतिहास शिकवताना सांगत असे, की कागद आहे म्हणून तो खराच असतो असे नाही. बाईंनी लंडनच्या संग्रहालयातला तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईने तपासला. डेव्हिडसन ज्या पद्धतीने कातडी भरत, तिच्या खुणा आत निघाल्या! कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच पक्षी चोरून, पुन्हा भरून, स्वतःचा म्हणून खपवला होता. हे सारे १९९९ मध्ये सविस्तर छापून आले.

त्याआधीच बाईंनी मांडवी यादीतून वगळली आणि बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह फक्त खऱ्या जुन्या ठिकाणी शोध घेतला. पूर्वेकडे काही हाती लागले नाही. मग सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, किंग यांना तो दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! आणि गंमत पाहा, हा पठ्ठ्या घुबड असून भर दिवसा उघड्या फांदीवर बसतो. लपणारा नव्हताच तो.

पुढे मेळघाटात सापडला, मध्य प्रदेशात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. तरी संख्या थोडीच, आणि सागवानाची राने तुटतच आहेत.

सलीम अली १९८७ मध्येच गेले. त्यांना हा पक्षी पाहायला मिळाला नाही. ते खोटे लेबल लावणारा माणूस १९३७ च्या अफगाणिस्तान सफरीत त्यांचा सोबती होता.